जिवाची भीती आणि कायद्याची कसोटी

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. त्या वेळी मी एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. माझ्या आतेबंधूंची त्याच गावात आडत पेढी होती. गूळ, हळद, शेंगा असा व्यापार. पुढे पेढी, मागे वखार आणि वर दोन खोल्या. हंगामाच्या दिवसांत त्यांचा थोरला मुलगा रात्री वरच झोपत असे. एके रात्री दोनच्या सुमारास मागील दाराचा कोयंडा तुटल्याचा आवाज झाला. मुलगा जिना उतरून खाली आला. अंधारात गल्ल्यापाशी एक आकृती वाकलेली होती. चाहूल लागताच ती वळली आणि तिच्या हातात काहीतरी चकाकले. मुलाच्या हाताला भिंतीशी ठेवलेली पहार लागली. पहिला घाव त्या इसमाच्या खांद्यावर बसला आणि तो पोत्यांच्या थप्पीवर कोसळला. दुसरा घाव पायावर बसला आणि नडगीचे हाड मोडले. दिवा लावल्यावर दिसले ते असे, की चोर अठरा-एकोणीस वर्षांचा पोर होता आणि त्याच्या हातातील चकाकणारी वस्तू म्हणजे पत्र्याची बॅटरी होती.

चोरीचा गुन्हा तर नोंदवला गेलाच. पण दोन दिवसांनी रुग्णालयातील जबाबावरून आमच्या मुलावरही जबर दुखापत केल्याचा गुन्हा दाखल झाला. साऱ्या घराला धक्का बसला. आतेबंधू मला वारंवार विचारीत, “अण्णा, आपल्याच पेढीत मध्यरात्री शिरलेल्या चोराला मारले, तर आरोपी आपण कसे?”

हा प्रश्न आपल्या समाजातील कोणत्याही व्यापारी कुटुंबापुढे उद्या उभा राहू शकतो. पेढीवर रोकड असते, सोने-चांदीचा माल असतो, वसुलीचे पैसे घेऊन रात्री-अपरात्री प्रवास करावा लागतो. कोणी परवानाधारक शस्त्र बाळगतो, कोणी सुरक्षारक्षक नेमतो. “जिवाची भीती वाटली म्हणून मी हात उचलला” हे वाक्य कायद्यात कुठवर टिकते, हे आपण संकटापूर्वीच समजून घेतलेले बरे. मी वकील नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि आयुष्यभर खतावण्या तपासलेला माणूस आहे. परंतु त्या खटल्याच्या निमित्ताने पाच वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवताना जे वाचले, ऐकले आणि जाणत्या वकिलांकडून पडताळून घेतले, ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम मूळ हक्क पाहू. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ ही खाजगी बचावाच्या हक्काची कलमे होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तीच व्यवस्था किरकोळ बदलांसह कलम ३४ ते ४४ मध्ये आली. कलम ३४ एका वाक्यात सांगते, की खाजगी बचावाचा हक्क बजावताना केलेली कोणतीही गोष्ट अपराध होत नाही. हा हक्क स्वतःच्या शरीरापुरता नाही. दुसऱ्या कोणाच्याही शरीराचे रक्षण, तसेच स्वतःच्या वा परक्याच्या मालमत्तेचे चोरी, जबरी चोरी, नासधूस आणि आगळीक यांपासून रक्षण, हे सारे त्यात येते. म्हणजे शेजाऱ्याच्या दुकानावर दरोडा पडला असता धावून जाणाराही या हक्काखाली येतो.

हल्लेखोराचा प्राण जाईपर्यंत हा हक्क केव्हा पोहोचतो, ते कलम ३८ सांगते. आपण प्रतिकार केला नाही तर मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती निर्माण करणारा हल्ला, बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या हेतूने केलेला हल्ला, अम्लहल्ला अशा मोजक्या प्रसंगांतच तो तेथवर जातो. मालमत्तेच्या बाबतीत कलम ४१ मध्ये जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवण्याच्या इमारतीला आग लावणे, आणि ज्या चोरीत वा गृहअतिक्रमणात मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशी परिस्थिती असते, ते प्रसंग येतात. माल ठेवण्याची जागा कायद्याने ‘घर’ या शब्दात येते. तेव्हा आपली वखारही त्यात आली.

इतके वाचून एखाद्यास वाटेल, की मग रात्री शिरलेल्या चोराचे काहीही करावे. येथेच कलम ३७ वाट अडवून उभे राहते. पूर्वी हेच कलम ९९ होते. त्यात दोन मर्यादा फार महत्त्वाच्या आहेत. सरकारी यंत्रणेचे साहाय्य घेण्यास वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. आणि बचावासाठी जितकी इजा करणे आवश्यक आहे त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क कोणत्याही परिस्थितीत मिळत नाही. हक्क कलम ३४ देते आणि त्याचे माप कलम ३७ ठरवते. दोन्ही पाने एकत्र वाचली तरच हिशेब जुळतो.

आता ‘भीती’ या शब्दाकडे वळू. कायद्याने प्रत्यक्ष इजा होईपर्यंत थांबण्याची सक्ती केलेली नाही. शरीराला धोका आहे अशी रास्त भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो, आणि ती भीती टिकून आहे तोवरच तो टिकतो. या वाक्याचे दोन्ही भाग लक्षात ठेवण्यासारखे आहेत. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात या विषयावरील तत्त्वे एकत्र मांडली. शेतीच्या वादात वडिलांच्या डोक्यावर गंडाशाचा वार झालेला पाहून मुलाने बंदूक चालवली आणि हल्लेखोर मरण पावला. न्यायालयाने मुलाला निर्दोष ठरवले. जीव वाचवण्याची धडपड ही मनुष्याची मूळ प्रवृत्ती आहे, जिवावर बेतलेल्या माणसाकडून पायरीपायरीने मोजून प्रतिकार करण्याची अपेक्षा अवास्तव आहे, मात्र वापरलेले बळ धोक्याच्या प्रमाणाबाहेर जाता कामा नये, अशा आशयाचे विवेचन त्या निकालात आहे.

अशा निकालांतून एक उपमा वारंवार येते, ती आपल्या सराफ बंधूंना चटकन उमगेल. संकटात सापडलेल्या माणसाची कृती सोन्याच्या तराजूत तोलता येत नाही, असे न्यायालये म्हणतात. गुंजभर इकडे-तिकडे झाले म्हणून त्याला गुन्हेगार ठरवू नये. १९७० च्या दशकाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या देव नारायण विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात उच्च न्यायालयाने आरोपीविरुद्ध असे म्हटले होते, की समोरच्यांच्या हाती लाठ्या असताना भाल्याचा वापर अवाजवी होता. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. डोक्यासारख्या नाजूक जागी लाठीही प्राणघातक ठरते आणि वार झेलणारा मनुष्य त्या क्षणी शस्त्रांची तुलना करीत बसू शकत नाही, हे न्यायालयाने ओळखले.

परंतु सोन्याचा तराजू नसला तरी धान्याचा काटा असतोच. योगेंद्र मोरारजी विरुद्ध गुजरात राज्य हा १९८० सालच्या विधिवृत्तांत छापलेला निकाल प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. विहिरीच्या खोदकामाच्या मजुरीवरून वाद होता. रात्री मोटारीने जात असताना मजुरीची मागणी करणाऱ्यांनी गाडी अडवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मालकाने रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या झाडल्या आणि एक जण मृत्युमुखी पडला. जिवाची भीती होती असा बचाव मांडला गेला. परंतु मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशी परिस्थिती नव्हती आणि हक्काची मर्यादा ओलांडली गेली, असा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने काढला. वाद देण्याघेण्याचा होता आणि शेवट एका माणसाच्या मरणात व दुसऱ्याच्या शिक्षेत झाला.

दुसरा निकाल १९६० च्या दशकातील, चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य. आपल्या शौचालयाच्या वाटेवर परक्यांनी येऊ नये म्हणून एका गृहस्थाने विजेचा प्रवाह सोडलेली उघडी तार बसवली. शेजारची स्त्री त्या तारेला लागून मरण पावली. मालमत्तेच्या रक्षणाचा बचाव न्यायालयाने फेटाळला आणि निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल त्यास दोषी धरले. आगळीक करणारा मनुष्य कायद्याच्या छत्राबाहेर जात नाही, हे त्यातील सूत्र आहे. आजही कोणी वखारीच्या कुंपणात वा शेताच्या बांधावर वीज सोडतो. तारेला चोर आणि शेजाऱ्याचे मूल यांतला भेद कळत नाही, आणि भीती तर तारेला मुळीच वाटत नाही.

भीतीच्या या कसोटीचे परदेशातील एक प्रसिद्ध उदाहरण आहे. डिसेंबर १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत चार तरुणांनी बर्नहार्ड गोट्झ या प्रवाशाकडे पाच डॉलर मागितले. त्याने पिस्तूल काढून चौघांवरही गोळ्या झाडल्या. चौघेही वाचले, परंतु एक जण कायमचा पंगू झाला. आपण लुबाडले जाणार अशी भीती वाटली, असे गोट्झचे म्हणणे होते. १९८६ साली त्या राज्याच्या सर्वोच्च पातळीवरील न्यायालयाने स्पष्ट केले, की आरोपीला स्वतःला भीती वाटली एवढे पुरेसे नाही; त्याच्या जागी, त्याच परिस्थितीत असलेल्या समंजस माणसालाही ती वाटली असती का, हे ज्युरीने पाहिले पाहिजे. पुढे ज्युरीने त्याला खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून मुक्त केले आणि केवळ बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी ठरवले. पण प्रकरण तेथे संपले नाही. पंगू झालेल्या तरुणाच्या दिवाणी दाव्यात १९९६ साली त्याच्याविरुद्ध ४ कोटी ३० लक्ष डॉलरचा निवाडा झाला. फौजदारी खटल्यातील सुटका म्हणजे खाते बंद झाले असे नव्हे.

बँकेतील माणसाला हे समजण्यास कठीण नाही. वहीत कोणीही नोंद करू शकतो. तिला व्हाउचरचा आधार लागतो. ‘मला भीती वाटली’ ही नोंद झाली. वेळ कोणती होती, समोर किती जण होते, हातात काय होते, पळण्यास वाट होती काय, पूर्वीची धमकी होती काय, हे तिचे व्हाउचर. हा अपवाद आपल्याला लागू होतो हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये ते आहे. मात्र तो भार सरकारी पक्षाइतका जड नाही. आपले म्हणणे संभवनीय आहे एवढे दिसले तरी चालते आणि तेही सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासणीतून दाखवता येते. आरोपीने हा बचाव स्पष्ट शब्दांत घेतला नसला, तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालय त्याचा विचार करू शकते.

आता पुन्हा आमच्या पेढीकडे. गुन्हा दाखल झाला त्याच संध्याकाळी गावातील एक अनुभवी गृहस्थ आतेबंधूंना बाजूला घेऊन म्हणाले, “शेठजी, बॅटरीचे नाव काढू नका. हातात सुरा होता म्हणा. एक जुना सुरा सापडवता येईल.” आतेबंधूंनी रात्रभर विचार केला. मुलाच्या आयुष्याचा प्रश्न होता. सकाळी त्यांनी वकिलांना सांगितले, “जे होते तेच सांगायचे. बॅटरी होती.” वकिलांनी तेव्हा जे समजावले ते मी विसरलो नाही. धोका प्रत्यक्षात खरा असणे आवश्यक नाही, भीती रास्त असणे आवश्यक आहे. अंधारात, रात्री दोन वाजता, घरफोडी करून आत आलेल्या माणसाच्या हातात चकाकणारी वस्तू शस्त्र वाटणे ही प्रामाणिक चूक आहे आणि कायदा तिला स्थान देतो. खोटा सुरा पुढे आला असता, तर तो उघडकीस येताच खरी भीतीही खोटी ठरली असती आणि खोटा पुरावा रचल्याचा स्वतंत्र गुन्हा डोक्यावर बसला असता. खरे सांगणे हाच त्या मुलाचा सर्वांत मजबूत बचाव होता.

या विषयाला आपल्या आचारधर्माचीही एक बाजू आहे. अहिंसेचे नाव घेणाऱ्या घराने प्रतिकार करावा की नाही, अशी शंका तरुण विचारतात. आपल्या शास्त्रकारांनी गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. श्रावकाने सर्वथा त्यागायची ती संकल्पी, म्हणजे मारण्याच्या हेतूने केलेली हिंसा. स्वतःचे, आश्रितांचे वा देशाचे रक्षण करताना नाइलाजाने घडते ती विरोधी हिंसा. गृहस्थाला तिचा पूर्ण त्याग शक्य नसला, तरी ती निर्दोष आहे असे मात्र कोणी म्हटलेले नाही. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराची मूर्ती उभारणारे चामुंडराय हे गंग राज्याचे सेनापती होते, हे आपण जाणतोच. दंडसंहितेचा आणि श्रावकाचाराचा उगम निरनिराळा असला, तरी या एका ठिकाणी दोन्ही एकच प्रश्न विचारतात: हात उचलला तो रक्षणासाठी, की रागाने? धोका टळला त्या क्षणी रक्षण संपते. त्यानंतरचा घाव विरोधी हिंसेतून निघून संकल्पीकडे झुकतो, आणि कायद्याच्या भाषेत हक्कातून निघून अपराधात जातो.

व्यवहारासाठी काही गोष्टी सांगतो. आवाज आला आणि दार बंद करून वर राहता येत असेल, तर खाली उतरण्याआधी ११२ क्रमांकावर फोन करावा. दिवे लावावेत, आरडाओरड करावी. माल जाईल, तो पुन्हा मिळवता येतो. चोर पळत असेल तर पाठीवर वार करू नये. चोर सापडला तर त्याला खांबाला बांधून मारणे हा बचाव नव्हे. दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आपल्या डोळ्यांदेखत घडला तर सामान्य नागरिकालाही त्या माणसास पकडता येते. पण भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे विनाविलंब, फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. तो जखमी असेल तर आधी उपचाराची सोय करावी. आपल्या अंगावर लहानशी जखम असली तरी तिची वैद्यकीय नोंद करून घ्यावी. कॅमेऱ्याचे चित्रण पुसले जाण्यापूर्वी जतन करावे. आणि स्वतः पोलिसांकडे जाऊन घडले ते क्रमाने सांगावे. परवानाधारक शस्त्र असेल, तर परवाना ते बाळगण्याचा असतो, केव्हा चालवावे हे ठरवण्याचा नव्हे, हे घरातील तरुणांना समजावून सांगावे. सुरक्षारक्षकालाही हीच मर्यादा लागू आहे, हे त्याला नेमतानाच सांगावे.

पाच वर्षांनी निकाल लागला. त्या अंधारात शस्त्राची भीती वाटणे स्वाभाविक होते हे न्यायालयाने मान्य केले. दोन घावांमध्ये किती वेळ गेला हे कोणताही साक्षीदार सांगू शकला नाही आणि संशयाचा फायदा देऊन मुलाची निर्दोष मुक्तता झाली. चोरीच्या खटल्यात त्या पोरालाही शिक्षा झाली. तो अजून थोडा लंगडतो असे ऐकले. घरी पेढे वाटले गेले. रात्री जेवणे झाल्यावर मुलगा माझ्यापाशी येऊन बसला आणि म्हणाला, “काका, तुम्हाला म्हणून सांगतो. पहिल्या वेळी मी खरोखर घाबरलो होतो. दुसऱ्या वेळी तो पडलेला होता, आणि मला ते दिसत होते.”

मी काही बोललो नाही. न्यायालयाने जो हिशेब मिटवला होता, तो पुन्हा उघडण्याचा मला अधिकार नव्हता. आज तो मुलगा पन्नाशीकडे झुकला आहे आणि पेढी तोच पाहतो. वखारीला आता मजबूत दार आहे, घंटा आहे, कॅमेरे आहेत. पहार मात्र त्याने भिंतीशी ठेवलेली नाही. दर वर्षी क्षमावाणीच्या दिवशी तो मला भेटावयास येतो. मागे एकदा मी विचारले, त्या रात्रीचे अजून मनात येते का? तो म्हणाला, “येते, काका. त्या पोराची मी मनोमन क्षमा मागतो. पहिल्या घावाबद्दल नाही. दुसऱ्याबद्दल.”